चौलच्या मागावरची वही

हातमागाच्या ज्या भागाला मराठी विणकर ‘वही’ म्हणतात, त्याचा हिशेबाच्या वहीशी काही संबंध नाही. ती दोन आडव्या काठ्यांच्या दरम्यान ताणलेल्या दोऱ्यांच्या फासांची एक जाळी असते आणि ताण्याचा, म्हणजे कापडाच्या लांबीत जाणाऱ्या उभ्या सुतांचा, प्रत्येक धागा तिच्यातल्या आपापल्या फासातून ओवलेला असतो. वही वर गेली की तिच्यातले सगळे धागे एकदम वर जातात, खाली आली की खाली येतात, आणि वरच्या व खालच्या धाग्यांमध्ये जी फट पडते तिच्यातून धोटा बाण्याचा आडवा धागा घेऊन पलीकडे जातो. बाणा ठोकून घट्ट बसवणारी फणी, ती जिच्यात बसवलेली असते तो हत्या, पायांखालच्या पावड्या, धोट्यातली कांडी या सर्वांचे काम महत्त्वाचे असले, तरी कापडाची वीण कोणती निघणार, ते साधे होणार की तलम चकाकीचे, हे वहीतच ठरते. म्हणून एखाद्या गावाच्या विणकामाचा इतिहास लिहिताना त्या गावच्या मागांना किती वह्या होत्या आणि त्यांत धागे कोणत्या क्रमाने ओवले जात, हा प्रश्न सर्वांत आधी विचारला पाहिजे.

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर हा प्रश्न ज्या गावाबाबत विचारावा असे गाव म्हणजे चौल. कुंडलिकेच्या मुखाशी वसलेले हे बंदर ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासमार्गदर्शिकेत आणि टॉलेमीच्या भूगोलात सेमिल्ला किंवा सिमिल्ला या नावाने येते, कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत चेमूल या नावाने येते, आणि अरब लेखक त्याला सैमूर म्हणतात. सोळाव्या शतकात त्याचे दोन भाग झाले होते: निजामशाहीच्या ताब्यातले वरचे चौल आणि पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये निजामशाहाच्या परवानगीने जेथे किल्ला बांधायला घेतला ते खालचे चौल, म्हणजे आजचे रेवदंडा. चौलचा इतिहास सांगणारे ग्रंथ बहुधा या दोन सत्तांच्या झटापटी, १५०८ ची आरमारी लढाई, १५७०-७१ चा वेढा, समोरच्या कोर्लईचा डोंगर, आणि शेवटी १७४० मध्ये मराठ्यांच्या हाती गेलेला मुलूख यांचा तपशील देतात, आणि विणकरांना एखाददुसऱ्या वाक्यात आटोपतात. हा अन्याय आहे, कारण ज्या काळात चौलचे नाव गोव्यापासून युरोपपर्यंत घेतले जात होते, त्या काळात ते जितके तोफांमुळे घेतले जात होते तितकेच कापडामुळेही घेतले जात होते.

इटालियन प्रवासी वार्थेमा सोळाव्या शतकाच्या आरंभी येथे आला तेव्हा त्याने या शहरात सुती कापड अमाप असल्याचे नोंदवले. १५८३ ते १५८८ च्या सुमारास गोव्यात आर्चबिशपच्या पदरी असलेला डच लेखक लिन्सखोटेन याने १५९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात चौलच्या रेशमी मालाचे अधिक नेमके वर्णन केले आहे. त्याच्या सांगण्याप्रमाणे येथे तफेता, सॅटिन, ग्रोग्रॅन अशा नाना जातींचे रेशमी कापड इतके निघत असे की भारताला आणि भोवतालच्या मुलखांना ते पुरे, आणि या कामासाठी लागणारे कच्चे रेशीम चीनहून येत असे. १६०८ ते १६१० या काळात गोव्यात राहिलेला फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल यानेही चौलच्या रेशमाची वाखाणणी करून ते चिनी मालाहून सरस ठरवले.

या साक्षीतील एक गोष्ट सहज नजरेआड होते. कच्चे रेशीम चीनचे होते. चौलच्या परिसरात तुतीची लागवड नव्हती आणि रेशमाचे किडेही नव्हते. सुती कापडाचीही तीच कथा, कारण कापूस पिकतो तो घाटावरच्या काळ्या जमिनीत, कोकणच्या तांबड्या, पावसाने धुतल्या जाणाऱ्या मातीत नाही. म्हणजे चौलच्या विणकराजवळ स्वतःच्या भूमीचा असा कच्चा माल जवळजवळ काहीच नव्हता, आणि तरीही ज्या देशातून रेशीम येत होते त्याच देशाच्या कापडाहून त्याचे कापड चांगले मानले जात होते. त्याचे स्वतःचे जे काही होते ते मागाची मांडणी, बोटांची सवय आणि वहीत धागे ओवण्याचा क्रम एवढेच होते; आणि ही संपत्ती, पुढे दिसेल त्याप्रमाणे, जितकी मोठी तितकीच सहज उचलून नेण्याजोगी होती.

लिन्सखोटेनने दिलेली कापडांची नावे इतिहासकाराला व्यापारी यादीपेक्षा बरेच अधिक सांगू शकतात, कारण प्रत्येक नावामागे वह्यांची ठरावीक रचना असते. तफेता हे साध्या विणीचे तलम रेशमी कापड असते. त्यात बाण्याचा धागा एका ताण्याच्या वरून आणि दुसऱ्याच्या खालून जातो व पुढच्या फेरीत हा क्रम उलटतो. त्यासाठी तत्त्वतः दोनच वह्या पुरतात: सम धागे एकीत, विषम धागे दुसरीत. ग्रोग्रॅनची वीणही मुळात हीच, फक्त बाणा ताण्याहून जाड असल्यामुळे कापडावर आडव्या बारीक धारा उठतात. तेव्हा त्यालाही वेगळ्या वह्या लागत नाहीत. सॅटिनचे मात्र सर्वस्वी वेगळे आहे.

सॅटिन म्हणजे ज्याला भारतात अतलस म्हणत आले ते गुळगुळीत, चकाकणारे कापड. त्याची चकाकी अशी साधते की बाण्याचा धागा ताण्याच्या चार धाग्यांच्या खालून जाऊन पाचव्याच्या वरून जातो, त्यामुळे कापडाच्या दर्शनी बाजूला जवळजवळ सगळे रेशीम ताण्याचेच, लांब सळसळते पसरलेले दिसते आणि त्यावर पडलेला प्रकाश मोडत नाही. परंतु पाचातला जो एक धागा दर फेरीत खाली दबतो, ते दबण्याचे ठिकाण पुढच्या फेरीत अगदी शेजारी आले, तर कापडावर तिरपी रेघ उमटते आणि ते अतलस न राहता तिरप्या विणीचे होते. म्हणून ताण्याचे धागे पाच वह्यांत एकामागून एक ओवायचे आणि वह्या मात्र पहिली, तिसरी, पाचवी, दुसरी, चौथी अशा उड्या मारत दाबायच्या, म्हणजे बांधणीचे ठिपके विखुरतात आणि डोळ्याला रेघ सापडत नाही. चार वह्यांवर हे साधत नाही, कारण चारांत एकेक करून गेले तर तिरपी रेघ येते आणि दोनदोन करून गेले तर अर्ध्या वह्या कधी दबतच नाहीत. सहा वह्यांवरही नियमित अतलस निघत नाही. पाच, सात, आठ अशा संख्याच येथे उपयोगी पडतात. अंकगणिताचा हा नियम विणकराने अक्षरांत लिहिलेला नव्हता, पण त्याच्या पायाला तो पाठ होता. आणि चौलला अतलस निघत होते ही साक्ष मान्य केली, की चौलच्या काही मागांना किमान पाच वह्या व त्यांना जोडलेल्या पावड्या होत्या, हे निष्पन्न होते.

दोन वह्यांच्या तफेत्यालाही रेशमाच्या बाबतीत एक अडचण येते, आणि तिचा उलगडा केल्याशिवाय वहीची बांधणी समजत नाही. उदाहरणादाखल तीस इंच पन्ह्याचे आणि इंचाला शंभर ताण्यांचे कापड घेतले, तर एकूण तीन हजार धागे होतात आणि प्रत्येकाला स्वतंत्र फास लागतो. दोन वह्यांवर ते वाटले तर एकेका वहीत इंचाला पन्नास फास दाटीने बसवावे लागतात. फास दोऱ्याचे, दोऱ्याला जाडी, आणि रेशमाचा तंतू त्या दाटीतून वर-खाली होताना घासून तुटणार. म्हणून विणकर वीण तीच ठेवून वह्या चार करतो, म्हणजे प्रत्येकीत इंचाला पंचवीसच फास येतात, आणि पहिली व तिसरी, दुसरी व चौथी अशा जोड्या एकत्र बांधून पावड्या मात्र दोनच ठेवतो. वहीची संख्या नेहमी नक्षीसाठी वाढते हा समज त्यामुळे अर्धवट ठरतो. अनेकदा ती केवळ धाग्याला श्वास घेण्यापुरती जागा मिळावी म्हणून वाढते.

वही बांधण्याच्या जुन्या पद्धतीत डोळा, म्हणजे धागा जाण्यासाठी मुद्दाम गाठ मारून केलेले छिद्र, असलाच पाहिजे असे नाही. वरच्या काठीवरून लोंबणारा एक फास आणि खालच्या काठीवरून वर आलेला दुसरा फास साखळीच्या कड्यांसारखे एकमेकांत अडकवायचे आणि ताण्याचा धागा त्या अडकणीतून न्यायचा, एवढ्यावर काम भागते. वही उचलली की वरचा फास धाग्याला उचलतो, दाबली की खालचा फास त्याला खाली ओढतो. गाठ नसल्यामुळे घर्षण कमी होते आणि तलम सुताला हे मानवते. नक्षीच्या मागावर मात्र हा प्रकार अडचणीचा होतो, कारण अडकणीत धरलेला धागा दुसऱ्या वहीला वेगळा उचलता येत नाही. तेथे उभट, लांब डोळ्याच्या वह्या लागतात, म्हणजे नक्षीच्या दोऱ्यांनी उचललेला धागा जमिनीच्या विणीच्या वहीतून अडखळल्याशिवाय वर सरकतो.

खड्ड्याच्या मागावर, जेथे विणकर जमिनीच्या पातळीवर बसून पाय खड्ड्यात सोडतो, वह्या वरच्या आडव्या दांडीला दोऱ्यांनी टांगलेल्या असतात आणि खाली पावड्यांना बांधलेल्या असतात. एक पावडी दाबली की तिची वही खाली येते आणि वरचा दोर फिरून दुसरी वही आपोआप उचलली जाते. कोकणच्या किनाऱ्यावरची दमट हवा या दोऱ्यांच्या वहीला मानवणारी होती, कारण कोरड्या हवेत सूत कडक होऊन तटकन तुटते आणि ओलसर हवेत ते लवचीक राहते. याच हवेचा फायदा पुढे मुंबईच्या गिरण्यांनाही मिळाला. उलट खाऱ्या हवेत लोखंडी तार गंजते आणि गंजाचा डाग रेशमावरून निघत नाही, तेव्हा चौलसारख्या बंदरात सुती दोऱ्याची वही ही गरिबीची खूण नव्हती, त्या जागेला साजेशी निवड होती.

वहीची कल्पना एका देशाची नाही. चीनमध्ये छंगदूजवळील लाओग्वानशान येथे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील थडग्यांच्या उत्खननात नक्षीच्या मागांच्या लाकडी प्रतिकृती सापडल्या असून, त्यांवरून एका मागाला अनेक वह्या जोडण्याचे तंत्र तेथे किती जुने होते हे कळते. महाराष्ट्रातही विणकरांचा व्यवसाय प्राचीन आणि संघटित होता. नाशिकच्या लेण्यातील उषवदाताच्या शिलालेखात गोवर्धन येथील ‘कोलिकनिकाय’, म्हणजे विणकरांच्या श्रेणी, यांच्याकडे दोन हजार आणि एक हजार कार्षापण अशा दोन ठेवी ठेवल्याचा आणि त्यांच्या व्याजातून भिक्षूंना वस्त्रे व इतर खर्च द्यावा असा उल्लेख आहे. अशी ठेव ज्यांच्याकडे विश्वासाने ठेवली जाई, त्यांची पत कोणत्याही सावकाराहून कमी नव्हती.

महाराष्ट्रातील दुसरे प्रसिद्ध रेशमी वस्त्र जे पैठणी, त्याच्याशी चौलच्या अतलसाची तुलना उद्बोधक आहे. पारंपरिक पैठणीची जमीन साध्या विणीची असते आणि पदर-काठावरचे मोर, कमळ, आसावली हे सारे विणकर वेगवेगळ्या रंगांच्या छोट्या कांड्या हाताने गुंतवून भरतो. तेथे वही साधी आणि बोटे कुशल. औरंगाबादच्या हिमरूत उलट मागाच्या वर ‘जाला’ नावाची दोऱ्यांची दुसरी मांडणी असते, तिच्यात नक्षी आधीच बांधून ठेवलेली असते आणि एक मदतनीस ते दोर ओढून देतो. तेथे कौशल्य माग बांधतानाच खर्ची पडते. अतलस या दोहोंच्या मध्ये बसते. त्यात नक्षी नाही, पण पाच वह्यांचा क्रम एकदा चुकला की दोष कापडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावतो. चौलच्या विणकराची कसोटी डोळ्यांत भरणाऱ्या चित्रात नव्हती, डोळ्यांना न दिसणाऱ्या निर्दोषपणात होती. आणि कदाचित म्हणूनच त्याची आठवण पैठणीसारखी उरली नाही.

वही भरण्याचे काम कष्टाचे आणि वेळखाऊ असते. तीन हजार धागे असतील तर तीन हजार वेळा सुताचे टोक फासातून आणि नंतर फणीच्या घरातून ओवावे लागते, एकजण मागून टोक देतो आणि दुसरा पुढून घेतो, आणि एक चूक मागे राहिली तर पुढचे सगळे उकलावे लागते. म्हणून अनुभवी विणकर जुना ताणा संपत आला की तो पूर्ण विणून काढत नाही. वही आणि फणीतून गेलेली शेवटची टोके तशीच ठेवतो आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्या टोकाला पीळ देऊन सांधतो. मग सांधलेला सगळा ताणा हळूच पुढे ओढला की तो आपोआप योग्य फासांतून योग्य क्रमाने जातो. याचा अर्थ असा की विणीचे ज्ञान एका कापडाकडून दुसऱ्या कापडाकडे, कधी कधी बापाच्या हातून मुलाच्या हाती, त्या वहीतच जपलेले राही. माग मोडला, लाकूड सडले, खड्डा बुजला तरी वही आणि फणी गुंडाळून काखेत मारता येत. नव्या गावी जाऊन खड्डा खणला, चार खुंट ठोकले आणि वही टांगली की तेच कापड पुन्हा निघे.

चौलच्या ऱ्हासाचे एक कारण येथेच आहे. सतराव्या शतकात मुंबई बेट इंग्रजांकडे आल्यावर ईस्ट इंडिया कंपनीने तेथे कारागीर वसवण्याचा यत्न केला, आणि १६६९ ते १६७७ या काळात मुंबईचा कारभार पाहणाऱ्या जेराल्ड ऑंगियरच्या अमदानीत चौलहून आलेल्या विणकरांसाठी वस्ती उभारली गेली. चौलला त्या वेळी राजकीय स्थैर्य नव्हते, बंदराचा व्यापार आटत होता, आणि मुंबईला मात्र जहाजे, भांडवल आणि धर्माच्या बाबतीत सैल हात होता. ज्यांचे भांडवल शेतात किंवा वाडीत गुंतलेले असते ते सहजासहजी उठत नाहीत. ज्यांचे भांडवल वहीत गुंडाळता येते ते उठतात. अठराव्या शतकाच्या पहिल्या चरणापर्यंत पालट इतका झाला होता की १७२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात प्रवासी अलेक्झांडर हॅमिल्टनने चौल हे पूर्वी भरतकामाच्या सुंदर रजयांसाठी नावाजलेले, पण आता अतिशय दरिद्री गाव असे वर्णन केले. १७४० मध्ये पोर्तुगीज सत्ता गेली तेव्हा खालच्या चौलचे वैभव ओसरून गेले होते. जिंकणाऱ्यांना तट, बुरूज आणि चर्चचे मनोरे मिळाले. कापड ज्यांच्या हातात होते त्यांतले अनेकजण आधीच खाडीपलीकडे उत्तरेला गेले होते.

पुढे वहीची सूत्रे गावाच्या हातून पूर्णपणे निसटली. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत कापडगिरणीची कंपनी स्थापन केली, आणि त्यानंतरच्या अर्धशतकात कुलाबा (आजचा रायगड) व रत्नागिरी या जिल्ह्यांतली माणसे हजारोंनी गिरण्यांत गेली. यंत्रमागाला ‘साचा’ म्हणत आणि जेथे साचे चालत ते ‘साचे खाते’. त्या साच्यांवरची वही एकोणिसाव्या शतकात लँकेशायरमध्ये यंत्रावर गुंफलेली, जवसाच्या तेलाचे रोगण चढवलेली असे, आणि विसाव्या शतकात तिची जागा पोलादी तारेच्या व चपट्या पोलादी पट्टीच्या वह्यांनी घेतली, ज्यांचा डोळा कारखान्यातच पाडलेला असतो. तिरप्या विणीसाठी आणि छोट्या नक्षीसाठी वह्या आपोआप उचलणारी डॉबी आली, मोठ्या नक्षीसाठी फ्रान्सच्या जॅकार्डने १८०४ मध्ये सिद्ध केलेले, छिद्रांच्या पुठ्ठ्यांवर चालणारे यंत्र आले, आणि कोणती वही केव्हा उचलायची हे पायाने ठरवण्याची गरज उरली नाही. ज्या किनाऱ्यावरच्या विणकरांनी पाच वह्यांचा क्रम पायांत मुरवला होता, त्याच किनाऱ्यावरची माणसे आता दुसऱ्याने ठरवलेल्या क्रमाच्या साच्यापुढे उभी राहिली. ही केवळ तंत्राची प्रगती म्हणून नोंदवून पुढे जाणे योग्य नाही. एका व्यवसायातले निर्णय घेण्याचे काम त्या व्यवसायातल्या माणसाकडून काढून घेतले गेले, आणि त्याची मजुरी व मान दोन्ही त्यामुळे उतरली.

तरीही एक काम यंत्राला बराच काळ पूर्णपणे जमले नाही, ते म्हणजे नव्या ताण्याचे धागे वहीत व फणीत ओवणे. इचलकरंजीच्या यंत्रमागांच्या वस्तीत या कामाला आजही ‘वहीफणी’ म्हणतात, ते करणाऱ्यांना ‘वहीफणी कामगार’ म्हणतात, आणि मजुरीच्या वाटाघाटींत त्यांचा गट वेगळा धरला जातो. शब्द टिकला तो याच लोकांच्या तोंडी. चौलला आज नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, आणि रेवदंड्याच्या तटाच्या आत सातखणी मनोरा पाहायला लोक येतात, पण त्या तटाजवळून कधीकाळी पाच वह्यांच्या मागावरचे अतलस जहाजावर चढत होते, हे सांगणारे तेथे काही उभे नाही.

वस्तुसंग्रहालये वस्त्रे जपतात, क्वचित एखादा धोटाही जपतात. वही मात्र मळकट दोऱ्यांचा गुंता म्हणून फेकली जाते, आणि तिच्याबरोबर ओवण्याचा क्रम कायमचा जातो. रायगड, ठाणे किंवा मुंबईतल्या ज्या कुटुंबांत पूर्वी माग होता, त्यांच्या माळ्यावर काठ्यांना गुंडाळलेली अशी एखादी वही अजून पडलेली असेल, तर ती सोडवू नये, धुऊ नये, त्यातले सुताचे अर्धवट तुकडेही काढू नयेत, आणि ती आहे त्या स्थितीत जवळच्या संग्रहालयाला किंवा वस्त्रविद्येच्या एखाद्या अभ्यासकाला दाखवावी.